परमुलखातला शेजार

परदेशी विद्यापीठात शिकवणाऱ्या माणसाचे आयुष्य कसे असते, असे मायदेशी आल्यावर मला हमखास विचारले जाते. विचारणाऱ्यांच्या मनात एक चित्र बहुधा ठरलेले असते: मोठी ग्रंथालये, परिषदा, विमानप्रवास आणि सुटीत बर्फाच्छादित डोंगरांसमोर काढलेली छायाचित्रे. त्या चित्रात खोटे काही नाही. पण असे दिवस मोजले तर वर्षाकाठी पंधरा-वीसच भरतात. उरलेले साडेतीनशे दिवस कोणाही सामान्य माणसाचे असतात. सकाळी उठावे, ठरल्या वारी ठरलेला कचरा बाहेर ठेवावा, बस गाठावी, तास घ्यावेत, येताना भाजी आणावी, दिवा लावावा, एकट्याचे पान मांडावे. वाचकहो, माणसाचे आरोग्य ठरते ते या साडेतीनशे दिवसांवर. त्या दिवसांत आपल्याशी कोण बोलते, कोण आपल्याकडे पाहून मान लववते आणि आपण दोन दिवस दिसलो नाही तर ते कोणाच्या ध्यानात येते, हे प्रश्न रक्तदाबाच्या आणि साखरेच्या आकड्यांइतकेच महत्त्वाचे आहेत, असे माझे मत होत गेले आहे. ते कसे झाले, हे तुम्हाला सांगावे म्हणून हा लेख.

मी जपानमधील क्योतो शहरात गेली एकोणीस वर्षे गणित शिकवते. वय एकोणसाठ, घरात मी एकटीच. माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि सांगलीच्या गावभागातल्या आमच्या जुन्या घरात, वडिलांच्या पश्चात, तीही एकटीच राहते. धाकटा भाऊ पुण्याला असतो. म्हणजे आम्ही दोघी मायलेकी एकेकट्या. मध्ये समुद्र आणि साडेतीन तासांचे अंतर. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हेच चित्र थोड्याफार फरकाने असेल. कोणाची मुले अमेरिकेत, कोणाची बंगळुरात, तर कोणाची पलीकडच्याच उपनगरात असूनही आठवड्यातून एकदा भेटणारी.

विद्यापीठातला दिवस

जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. चेरीचा बहर ओसरत असतो आणि नवे विद्यार्थी नव्या पोशाखात आवारात वावरत असतात. माझा दिवस बोलण्यातच जातो. दोन तास फळ्यासमोर, मग संशोधन करणाऱ्या मुलांशी चर्चा, मग विभागाची बैठक. जिन्यात भेटलेला प्रत्येक सहकारी कमरेतून किंचित वाकून अभिवादन करतो. दिवसअखेर निघताना एकमेकांना ‘तुम्ही दमलात’ अशा अर्थाचे शब्द म्हणण्याची तिथे पद्धत आहे. दुसऱ्याच्या श्रमाची ती नम्र दखल असते. डिसेंबरात ‘बोनेन्काई’ होते, म्हणजे सरते वर्ष विसरण्याची मेजवानी. तिथे एरवी मितभाषी असलेली माणसेही मोकळेपणाने हसतात आणि शाकाहारी बाई म्हणून माझ्यापुढे तोफूचे आणि रताळ्याचे पदार्थ आठवणीने ठेवले जातात. (माशाच्या अर्काविना केलेले सार मिळवणे हा मात्र तिथल्या शाकाहारी माणसाचा आयुष्यभराचा उद्योग आहे.)

एवढे सौजन्य वाट्याला येऊनही, सुरुवातीची दोन वर्षे शुक्रवारी संध्याकाळी घराचे दार लावले की सोमवारी सकाळपर्यंत माझा आवाज मला ऐकू येत नसे. दुकानातल्या गल्ल्यावर ‘पिशवी नको’ एवढे दोन शब्द बोलले जात, तेवढेच. तिथे कोणी कोणाच्या घरी सहज जात नाही. एकोणीस वर्षांत मी सहकाऱ्यांच्या घरी दोनदा गेले आहे आणि दोन्ही वेळा निमंत्रण महिनाभर आधी आले होते. ‘जरा चहा टाक गं’ म्हणत मागच्या दाराने आत येणारी मैत्रीण ही आपल्याकडची चीज आहे. दिवसभर माणसांत असूनही सोबत नसणे म्हणजे काय, हे मी तिथे अनुभवले. पुढे कळले की ही अवस्था परदेशस्थांची खासगी मालमत्ता नाही. भरल्या घरात, सुनामुलांच्या आणि दूरदर्शनच्या आवाजात बसलेल्या आजोबांनाही ती असू शकते.

गल्लीतली ओळख

माझी सुटका विद्यापीठाने केली नाही. ती माझ्या गल्लीने केली. जपानमध्ये नव्या घरात राहायला गेले की शेजाऱ्यांकडे लहानशी भेटवस्तू घेऊन जायचे, अशी रीत आहे. हातपुसणे, मिठाईचा डबा, असे काहीतरी. मीही तशी गेले. दाराच्या चौकटीतच नाव सांगायचे, वाकायचे आणि परत यायचे; आत कोणी बोलावत नाही. त्या दोन मिनिटांचा उपयोग मात्र पुढे वर्षानुवर्षे होतो. त्या दिवसापासून मी ‘कोणीतरी परदेशी बाई’ न राहता तिसऱ्या घरातली बाई झाले.

गल्लीचे एक मंडळ असते. त्याला ‘चोनाइकाई’ म्हणतात. रस्ता झाडणे, कचऱ्याच्या जागेची पाळी, भूकंपाच्या वेळी काय करायचे याची तालीम आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात मुलांसाठी ‘जिझोबोन’चा उत्सव, ही त्याची कामे. लहान मुलांचा रक्षणकर्ता मानल्या जाणाऱ्या जिझोच्या मूर्ती क्योतोच्या गल्लोगल्ली असतात. त्या दिवशी त्या सजवतात आणि मुलांना खाऊ वाटतात. आपल्याकडच्या गल्लीतल्या गणपतीची आठवण यावी असाच तो थाट असतो. मंडळाच्या सूचना एका फळीला लावून ती फळी घरोघर फिरवली जाते. तिला ‘काइरानबान’ म्हणतात. पहिल्या घराने वाचायची, आपल्या नावापुढे खूण करायची आणि पुढच्या दारी नेऊन ठेवायची. मोबाइलच्या काळात हा उद्योग कशाला, असे मला आधी वाटे. त्याचे उत्तर पुढे मिळाले. ते ओघात सांगेन.

सकाळी साडेसहाला जवळच्या बागेत ‘राजिओ ताइसो’ असतो. आकाशवाणीवर पियानोच्या तालावर सांगितला जाणारा हा व्यायाम १९२८ साली सुरू झाला. आज चालतो तो पहिला प्रकार १९५१ पासूनचा आहे. कार्यक्रम दहा मिनिटांचा, साधन काही लागत नाही, खुर्चीत बसूनही करता येतो. बागेत येणारे बहुतेक जण सत्तरी ओलांडलेले. हात वर, बाजूला झुकणे, गुडघ्यांत किंचित वाकणे, जागच्या जागी हलक्या उड्या. ज्यांना उडी जमत नाही ते टाचा उचलतात. व्यायामानंतर पाच मिनिटे हवामानावर बोलणे होते. आज दमट आहे, उद्या पाऊस आहे, तुमच्या कुंडीतले फूल उमलले का? जपानी माणूस हवामानावर बोलतो तेव्हा तो बहुधा तुमची प्रकृती विचारत असतो, हे कळायला मला बराच काळ लागला. व्यायामाने माझे खांदे सैल झाले. पण मी तिथे रोज जाऊ लागले ते त्या पाच मिनिटांसाठी.

माझ्या शेजारच्या घरात एक आजी राहत. वय नव्वदीच्या पुढे. मी सकाळी निघताना त्या झाडांना पाणी घालत असत. घराबाहेर पडताना जपानी माणूस ‘इत्तेकिमासु’ म्हणतो. त्यातल्या क्रियापदांचा अर्थ पाहिला तर तो अगदी आपल्या ‘जाऊन येते’ असाच होतो. घरातल्याने उत्तर द्यायचे ‘इत्तेराशाय’, म्हणजे ‘जाऊन ये’. नुसते ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावे, असे आईने लहानपणापासून बजावलेले. तोच संस्कार त्या परक्या भाषेत भेटला तेव्हा मी क्षणभर थबकलेच. आजी माझ्या कोणी नव्हत्या, तरी त्यांनी कुंपणापलीकडून ‘इत्तेराशाय’ म्हणायला सुरुवात केली. संध्याकाळी परतले की ‘ओकाएरी’, म्हणजे ‘आलीस का’. सांगलीबाहेर माझ्या येण्याजाण्याची नोंद ठेवणारे त्या एकट्याच होत्या.

दोन दिवस थांबलेली फळी

काइरानबानच्या क्रमात आजींचे घर माझ्याआधी होते. फळी त्यांच्याकडे सकाळी आली की संध्याकाळपर्यंत माझ्या दारी असे. एका हिवाळ्यात ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. त्या दिवशी बाहेर पडताना पाहिले तर वर्तमानपत्र पेटीत तसेच होते आणि भरदिवसा खिडकीत दिवा जळत होता. मी घंटी वाजवली, उत्तर नाही. मंडळाच्या प्रमुखांना फोन केला. त्यांच्याकडे आजींच्या मुलाने ठेवलेली किल्ली होती. आजी स्वयंपाकघरात पडलेल्या होत्या. शुद्धीवर होत्या, पण उठता येत नव्हते. खुब्याचे हाड मोडले होते. ११९ क्रमांकावर कळवल्यावर रुग्णवाहिका आली आणि त्या वाचल्या.

ते दोन दिवस तीन-चार झाले असते तर काय झाले असते, याला जपानी भाषेत एक शब्द आहे: ‘कोदोकुशी’, एकाकी मृत्यू. १९९५ साली कोबेला मोठा भूकंप झाला. बेघर झालेल्या वृद्धांना तात्पुरत्या वसाहतींत घरे मिळाली. पण जुने शेजार तुटले. त्या वसाहतींत माणसे एकेकटी मरण पावू लागली आणि कळायला दिवस लागू लागले, तेव्हा हा शब्द सर्वांच्या तोंडी आला. डोक्यावर छप्पर होते, औषधे होती. ओळखणारे कोणी नव्हते.

आजी शस्त्रक्रियेनंतर मुलाच्या गावाजवळच्या शुश्रूषागृहात गेल्या. त्यांचे घर रिकामे आहे. फळी आता त्यांच्या आधीच्या घरातून थेट माझ्याकडे येते.

पातळ धाग्यांचे मोल

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. जवळच्या नात्यांइतकीच लांबच्या, वरवरच्या ओळखींनाही माणसाच्या आयुष्यात मोठी ताकद असते, असे त्याने दाखवले. त्याचा विषय आरोग्य नव्हता, नोकरी शोधण्याचा होता; पण म्हातारपणी या ‘पातळ धाग्यां’चे मोल आणखी वाढते, असे मला वाटते. मुलगा, मुलगी, भाऊ हे जाड दोर. ते संकटात ओढून धरतात. पण ते रोज दाराशी नसतात. दूधवाला, भाजीवाली, वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, औषधांच्या दुकानातला माणूस, देवळात शेजारी बसणारी बाई हे पातळ धागे. एकेकटा धागा काहीच नाही. दहा धागे मिळून मात्र जाळे होते आणि पडणारा माणूस त्यात अडकतो.

याला वैद्यकीय आधारही आहे. ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांत मिळून तीन लाखांहून अधिक माणसे होती. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी अधिक आढळली. माणसाने माणसांत असावे, हे आपल्या आजीला ठाऊक होतेच. आता त्याला आकडा मिळाला इतकेच.

जपानने यावर बरेच उपाय योजले आहेत. तिथे दर शंभरांतील सुमारे २९ माणसे पासष्टीच्या पुढची आहेत, तेव्हा न योजून चालणारच नव्हते. २००० साली दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू झाला. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा आणि पुढे गरजेनुसार घरी येणारी मदतनीस किंवा दिवसाचे शुश्रूषाकेंद्र मिळायचे. प्रत्येक वस्तीत ‘मिन्सेइ-इइन’ नावाचे स्वयंसेवक असतात. नेमणूक मंत्रालयाकडून, मुदत तीन वर्षांची, वेतन नाही. एकट्या वृद्धांची विचारपूस करणे हे त्यांचे मुख्य काम. याकुल्ट विकणाऱ्या बायका फेरीवर असताना एकट्या वृद्धांची चौकशी करतात. ही प्रथा १९७२ पासूनची. २००१ मध्ये तर झोजिरुशी कंपनीने एक विजेची किटली बाजारात आणली. आईने तिकडे चहासाठी पाणी घेतले की दूरच्या मुलाला निरोप जातो: आज आईने चहा घेतला.

तरीही तिथे सारे कुशल आहे, असे तुम्ही समजू नका. तरुण कुटुंबे गल्लीच्या मंडळात यायला तयार नसतात. आमच्या मंडळातली घरे दरवर्षी कमी होत आहेत. एकाकीपणासाठी २०२१ मध्ये त्या देशाला वेगळा मंत्री नेमावा लागला आणि २०२४ पासून त्यासाठी कायदाही लागू झाला. किटलीचा निरोप येतो, पण किटली ‘जाऊन ये’ म्हणत नाही.

कृष्णाकाठचे घर

आता सांगलीकडे वळते. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला आलेला पूर तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी ५७ फुटांवर गेले. गावभाग नदीला लागूनच. मी क्योतोत, भाऊ पुण्यात, रस्ते बंद, आईचा फोन लागेना. ती रात्र मी कशी काढली ते सांगत बसत नाही. तशी रात्र ज्याने काढली आहे त्याला सांगावे लागत नाही.

पहाटे परक्या नंबरावरून आईचाच फोन आला. “अगं, मी विश्रामबागेत आहे, बरी आहे. तू जेवलीस का?” मग एकेक कळत गेले. पाणी चढू लागले तेव्हा आमच्याकडे तीस वर्षे दूध घालणारे मामा गल्लीत शिरले आणि समोरच्या घरी सांगून आले, की वहिनी एकट्या आहेत, त्यांना जिना उतरवत नाही. समोरच्या दोन मुलांनी आईला खुर्चीत बसवून उचलून बाहेर काढले. आईबरोबर तिची कापडी पिशवी होती: पंधरा दिवसांची औषधे, जादा चष्मा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, ओळखपत्राची प्रत आणि फोन नंबरांचा मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद. जपानमध्ये घरोघर दाराशी अशी आपत्कालीन पिशवी ठेवतात. एका भेटीत तशीच मी आईची भरून ठेवली होती. तिथे तर आपत्तीत मदत लागणाऱ्या वृद्ध-अपंगांची यादी नगरपालिकांनी आधीच तयार ठेवावी, अशी तरतूद २०१३ मध्ये कायद्यात झाली आहे. आमच्या गल्लीत ती यादी दूधवाल्या मामांच्या डोक्यात होती.

पुरानंतर भाऊ मायेने म्हणाला, “आई, आता सगळं घरपोच करून टाकू. दूध पिशवीचं, भाजी मोबाइलवरून, वीजबिल मी इथून भरतो. तुला दाराशी यायची गरज पडणार नाही.” आई शांतपणे म्हणाली, “दाराशी यायची गरज नाही म्हणजे दाराशी कुणी येणार नाही, असंच ना? तेवढं करू नकोस.”

या वाक्यावर आम्ही तिघांनी पुष्कळ बोलणे केले. भावाचे म्हणणेही रास्त होते. पाच किलोंची पिशवी चौऱ्याऐंशीच्या माणसाने उचलू नये. अखेर वाटणी अशी झाली: तांदूळ, तेल, पीठ यांसारखे जड सामान घरपोच, वीजबिल भाऊ भरतो. दूध मात्र मामांकडूनच, भाजी दारावरच्या भाजीवालीकडून आणि औषधे आईने स्वतः, समोरच्या वहिनींबरोबर, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आणायची. भाजी दोन-चार रुपयांनी महाग पडते. तो आमच्या कुटुंबाचा आरोग्यविम्याचा हप्ता समजा.

घरात करून पाहण्यासारखे

या दोन घरांच्या अनुभवातून जे हाती आले ते तुमच्यापुढे ठेवते. पटेल तेवढे घ्यावे.

तुम्ही ज्येष्ठ असाल, तर एका संध्याकाळी वहीत लिहून पाहा: आज मी कोणाकोणाशी बोललो? घरातली माणसे आणि फोन सोडून. नावे तीनपेक्षा कमी भरली तर उद्या एक वाढवा. त्यासाठी मैत्री जुळवावी लागत नाही. दहा मिनिटे फाटकाशी उभे राहा, किराणा दोन फेऱ्यांत आणा, ज्येष्ठ नागरिक संघाच्या सकाळच्या व्यायामाला खुर्चीत बसून का होईना, हजेरी लावा. ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा महत्त्वाची. कारण ठरलेल्या जागी न दिसणारा माणूसच लोकांच्या लक्षात येतो. एका विश्वासू शेजाऱ्याकडे घराची किल्ली आणि मुलांचे नंबर द्या. पिशवी भरून ठेवा.

तुम्ही काळजी घेणारे असाल, जवळ असा वा दूर, तर एखादी सोय करून देण्याआधी एक प्रश्न विचारा: या सोयीने वडिलांच्या दिवसातले कोण कमी होते? जड उचलणे, ओल्या फरशीवर चालणे, रांगेत तासभर उभे राहणे, हे जरूर काढून टाका. माणूस काढून टाकताना मात्र थांबा, आणि काढावाच लागला तर त्या जागी दुसरा आणा.

फोनवर काय विचारायचे, हेही मी आईकडूनच शिकले. माझ्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा सांगलीत सहा वाजलेले असतात. “औषध घेतलंस का?” या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर येते. “आज कोण कोण येऊन गेलं?” असे विचारले की गोष्टी निघतात. भाजीवालीच्या नातीला पहिला नंबर मिळाला, समोरच्यांकडे रंगकाम काढले आहे. त्या गोष्टींतून मला आईची स्मरणशक्ती, ऐकू येणे, हिंडणे-फिरणे आणि मनाची स्थिती, सारे कळते. त्यातली नावे हळूहळू कमी होऊ लागली तर तो इशारा समजावा. ऐकू कमी येत असेल म्हणून माणूस बोलणे टाळत असेल. गुडघा दुखत असेल. रात्री लघवीला उठावे लागते म्हणून झोप होत नसेल. किंवा मन उदास असेल. ‘वयच झालं’ म्हणून ते सोडून देऊ नये. कान तपासता येतात, गुडघ्यावर उपचार आहेत आणि उदासीनता हा बरा होणारा आजार आहे; डॉक्टरांना दाखवावे. कोणाशी बोलावे हेच सुचत नसेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. तिथे फोन करण्यास पैसे पडत नाहीत.

राहता राहिला माझा प्रश्न. सहा वर्षांनी मी निवृत्त होईन. क्योतोत राहावे की सांगलीला परतावे, याचा निर्णय अजून झालेला नाही. क्योतोत रुग्णालये जवळ आहेत, विमा आहे, रस्ते सपाट आहेत. पण गल्लीतली घरे एकेक करून अंधारात जात आहेत. सांगलीत आई आहे, भाषा आहे, मागचे दार आहे. पण एकोणीस वर्षांत मला ओळखणारी माणसे तिथे विरळ झाली आहेत. म्हणून सध्या मी दोन्हीकडे धागे जोडत असते. आजींच्या घरापलीकडच्या घरात नुकतेच एक तरुण जोडपे तान्ह्या बाळासह राहायला आले. त्यांना इथल्या रीती ठाऊक नव्हत्या, म्हणून मीच मिठाईचा डबा घेऊन गेले आणि फळीच्या यादीत त्यांचे नाव घालायला प्रमुखांना सांगितले. सांगलीला गेले की आईबरोबर औषधांच्या दुकानात जाते, भाजीवालीशी घासाघीस करते आणि दूधवाल्या मामांच्या मुलाला नाव घेऊन हाक मारते. आता फेरी तो करतो.

तुमच्या गल्लीतही असे एखादे दार असेल, ज्याच्याशी चार दिवसांत कोणी बोललेले नाही. उद्या सकाळी तिथून जाताना हाक मारून पाहा. निमित्त हवामानाचे पुरते.